बंदी घातलेली विद्या आणि दोन तीरांची माणसं : कादंबरीमालेचं जग बांधतोय, मतं हवीत

जांबोटी_नाका (धागाकर्ता)

मंडळी, पाच खंडांची एक अद्भुतरम्य कादंबरीमाला लिहायला घेतलीय. पहिल्या खंडाचा खर्डा तयार आहे. जवळच्या मित्रांना वाचायला दिला, सगळ्यांनी "छान आहे" म्हणून परत केला. इथं कुणी नुसतं छान म्हणून सोडत नाही, म्हणून धागा काढतोय.

जग थोडक्यात असं. धुमा नावाची मोठी नदी. अलीकडं आरोण, पलीकडं कोसर. तीनशे वर्षांपूर्वी दोन्ही मिळून एकच राज्य होतं. मग 'जाळ' नावाच्या विद्येवरून युद्ध पेटलं, राज्य दुभंगलं आणि दोन्ही तीरांवर विद्येला बंदी आली. जाळ ज्याच्या अंगात असतो त्याचे डोळे निळे. असा कुणी सापडला की कोसरवाले त्याला नदीत बुडवतात, आरोणवाले मठात डांबतात. नायिका अनाथ, आरोणात वाढलेली, निळ्या डोळ्यांची. हीच दोन्ही तीर जोडणार अशी जुनी भविष्यवाणी आहे. कोसरचा राजा क्रूर, त्याचे सैनिक त्याहून क्रूर.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. इंग्रजीतल्या जाडजूड मालिका वाचत वाढलो. त्यात भिंती असतात, बर्फ असतो, ड्रॅगन असतात. आमच्याकडं बर्फ नाही, पण जांबोटीचा पाऊस आहे आणि तो बर्फापेक्षा कमी भीतीदायक नाही. हे सगळं मराठीत आणावं असा बेत. पण लिहिलेलं परत वाचताना गाव भाड्यानं आणल्यासारखं वाटतं. बंदी नेमकी कशासाठी, आणि दोन लोकांतला फरक पानावर कसा उतरवायचा, यावर बोला. सीमाप्रश्नावर भांडण नको, ही विनंती. (होणार, हे माहीत आहे.)

तिसरं_गेट

पयलं ते निळे डोळे काढ बघ. तसली पोरगी खानापूरच्या बाजारात उतरली तर जादूगार म्हणून कोण धरत नाही. गोव्याला चाललेली टुरिस्ट समजून रिक्षावाला दुप्पट भाडं सांगतोय. बाकी वाचूलालोय.

कॅम्पातली_मावशी

चिरमुरे घेऊन बसलेय.

भविष्यवाणी नको रे बाबा. ती आली की मी सरळ शेवटचं पान उघडते. आणि अनाथ तर अजिबात नको. आपल्याकडं पोर अनाथ होऊ देतात का? दोन मामा, एक आत्या आणि शेजारची काकू मिळून त्याला वाढवतात आणि मग जन्मभर ऐकवतात. नायिकेला चार मावश्या दे. मग घरात विद्या लपवून ठेवणं किती अवघड होतं ते बघ. राजाचे हेर परवडले.

हलशीवाट

नकाशा टाकला असतास तर बरं झालं असतं, पण वर्णनावरून अंदाज आला. माझा आक्षेप नदीवर आहे. नदी सीमा कशाला? सगळ्या मालिकांत नदी आडवी पडलेली असते, अलीकडं एक लोक, पलीकडं दुसरे. तू खानापूरचा, तुझ्या घरामागून मलप्रभा जाते. ती कणकुंबीला उगवते, जिथं पावसाळ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीकडं जाते तेव्हा दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि जोंधळा असतो, आणि माणसं आभाळाकडं बघत बसलेली असतात. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीवर. इकडं भात आणि कौलं, तिकडं भाकरी आणि धाब्याची घरं. तुझे दोन लोक इथंच आहेत की! एक पावसातले, एक कोरड्यातले. त्यांच्यात नदी आडवी नाही, ती वरच्यांकडून खालच्यांकडं जाते. वरच्यांनी काय सोडलं ते खालच्यांना दिसतं. खालच्यांनी काय केलं ते वरच्यांना कधीच दिसत नाही. निम्मं भांडण तिथंच तयार आहे, महायुद्ध कशाला हवं?

आणखी एक, राजधानीचं. तुझी आरोणनगरी तीनशे वर्षं जागची हललेली नाही. आपल्याकडं राजधान्या टिकत नाहीत. हलशी ही कदंबांची राजधानी होती, आज तिथं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे आणि भोवती शेती. रट्ट राजांनी 1210च्या सुमारास सौंदत्ती सोडून बेळगाव धरलं. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन देऊळ, त्यांच्याच काळातली, 1204ची. त्याच किल्ल्यात पुढं आदिलशाहीतली मशीद उभी राहिली, मग मराठे आले, मग इंग्रज, आता लष्कर. एका तटाच्या आत इतके मालक होऊन गेले आणि प्रत्येकाला वाटलं आपण शेवटचे. तुझ्या मालिकेत निदान एक सोडून दिलेली राजधानी असू दे, जिथं आता गुरं चरतात. तिथल्या दगडावर काय लिहिलंय ते दोन्ही लोकांना वाचता येत नाही, आणि दोघंही ते आपलंच आहे म्हणून सांगतात.

जांबोटी_नाका (धागाकर्ता)

हलशीवाट, नदीचा मुद्दा डोक्यात बसला. नकाशा परत काढावा लागणार.

मावशी, मावश्या येतील. डोळ्यांचा रंग बदलतो, तिसऱ्या गेटाशी वैर नको.

निपाणी_स्टँड

मला तीनशे वर्षांवर बोलायचंय. इतकी जुनी फाळणी घेतली की कुणालाच काही आठवत नाही, सगळं पोथीतलं होतं. आमच्याकडचं बघ. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1973ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. 2014ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. माझ्या आजोबांनी घर बदललं नाही, उंबरा बदलला नाही, आणि बसल्या जागी इतके पत्ते झाले. ट्रंकेत जुने कागद मराठीत आहेत, नंतरचे कानडीत. ते आयुष्यभर दोन्हीवर तोच अंगठा उठवत आले.

तुझ्या गोष्टीत फाळणी बघितलेली म्हातारी माणसं जिवंत हवीत. त्यांच्या तोंडून ती वीरश्रीत येणार नाही. "त्या साली बैल कुणाकडं नोंदवायचा तेच कळेना" अशी येईल.

आणि ती तलवारीनं होत नाही. यादीनं होते. सीमाप्रश्नावर महाजन आयोग 1966ला नेमला, 1967ला अहवाल आला. त्यात काय, तर गावांच्या याद्या. निपाणी महाराष्ट्रात घाला, बेळगाव शहर तिकडंच राहू दे, अक्कलकोट कर्नाटकाला द्या. महाराष्ट्रानं तो मानला नाही. पुढं 2004ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात दावा 865 गावांवर. सगळी लढाई आकड्यांची आणि नावांची आहे. तुझ्या कोसरच्या राजाला घोडा देऊ नकोस. त्याला एक कारकून दे, कारकुनाला एक वही दे. ज्या गावाचं नाव तो ज्या पानावर लिहील तिथले लोक दुसऱ्या दिवसापासून त्या देशाचे. त्या वहीला लोक राजापेक्षा जास्त घाबरतील.

सीमेचंही तसंच. मालिकांत ती बारा महिने चोवीस तास दिसते. आमची दिसत नाही. कागलहून निपाणीला येताना पाट्यांची लिपी बदलते, बस एवढंच. मग 2021ला कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट बघून गाड्या सोडायला लागले आणि एकदम कळलं की हितं रेघ आहे. निपाणीत राहून कोल्हापूरला रोज कामाला जाणारी माणसं एका रात्रीत परदेशी झाली. तशी सीमा कर. बारा वर्षं झोपलेली आणि एक दिवस जागी होणारी.

तिसरं_गेट

दादा, बैल कुणाकडं नोंदवायचा हे वाक्य तसंच्या तसं घाल म्हणतो मी. बाकीचा खंड काढून टाकला तरी चालतंय.

सकळवाचक

जरा विद्येच्या बंदीकडं वळू या. धागाकर्त्यानं धरलंय की बंदी राजा घालतो. मराठीचाच इतिहास घेतला तर उलटं उदाहरण सापडतं. महानुभावांनी आपले ग्रंथ स्वतःहून सांकेतिक लिपीत घातले. सकळ लिपी ही त्यातली मुख्य, अक्षरांची आपसांत अदलाबदल केलेली. शिवाय सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशा आणखी लिप्या होत्या. बाहेरच्यानं वाचू नये हाच हेतू. परिणाम असा की लीळाचरित्रासारखं तेराव्या शतकातलं मराठी गद्य बाकीच्या मराठी माणसाला विसाव्या शतकापर्यंत ठाऊकच नव्हतं. पोथी घरात, भाषा आपली, आणि वाचता येत नाही.

आता हे तुझ्या जगात आण. विद्या बंद करणारे राजे नसून विद्या असलेलेच लोक आहेत. छळाच्या काळात त्यांनी ती कुलपात घातली. पाच पिढ्यांनी छळ थांबला, पण कुलूप कसं उघडायचं ते सांगणारा मेला. आता त्यांचीच नातवंडं पोथीला हळदकुंकू वाहतात आणि ती उघडणं पाप समजतात. बंदी मोडणाऱ्या नायिकेला राजाशी लढायचं नाही, आजीशी लढायचंय.

कॅम्पातली_मावशी

आजीशी! आता कुठं जमायला लागलंय.

गोकाकचा_करदंट

मी कानडी मातृभाषेचा. शाळा कानडी, पण आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, त्यामुळं वाचन दोन्हीतलं. या धाग्यावर बोलू की नको असं होत होतं, पण धागाकर्त्यानं पहिल्या प्रकरणाची दहा पानं मला निरोपातून पाठवली म्हणून बोलतो.

कोसरचे लोक म्हणजे आम्ही, हे मला दुसऱ्याच पानावर कळलं. ते ओरडूनच बोलतात, त्यांची भाषा "खडबडीत" आहे, आणि त्यांच्यातल्या एकालाही आई नाही. आरोणच्या शिपायालासुद्धा घरी वाट बघणारी बायको आहे. नाव बदललं म्हणून लपत नाही, जांबोटीकर. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तुम्ही कोसरच्या एकाही घरात जेवायला गेला नाहीत, एवढंच.

आता थोडी मदत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला जाऊन बघा. कोल्हापूर, सांगलीकडून गाड्या भरभरून येतात, आमच्याकडच्या बैलगाड्या असतात. भंडारा सगळ्यांच्या कपाळाला सारखाच. एकीकडून रेणुका म्हणतात, एकीकडून यल्लम्मा, "उदो उदो" दोघांचं. तिची कथा तुम्हाला माहीत असेल. रोज नदीवर जाऊन कच्च्या वाळूचा घडा करायचा, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायचा, थेंब न सांडता जमदग्नीकडं आणायचा. एक दिवस पाण्यात खेळणारा गंधर्व दिसला, मन क्षणभर हललं, आणि वाळू वाळूच राहिली. पुढं परशुरामानं आईचं डोकं उडवलं, मग वर मागून तिला उठवलं. दक्षिणेत एक पाठभेद असा सांगतात की उठवताना शिर एकीचं आणि धड दुसरीचं लागलं.

विद्या कशी असावी याचा याहून चांगला नमुना मी वाचलेला नाही. शक्ती आहे, तिची अट आहे, अट मोडली तर काय होतं ते आहे. आणि शक्ती कशाला वापरते ती? पाणी आणायला. तुमचा जाळ नुसती घरं जाळतो.

जांबोटी_नाका (धागाकर्ता)

करदंट, स्पष्ट बोललात ते बरं केलंत. एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. पाच खंडांच्या गोष्टीला शत्रू लागतो. दोन्ही बाजू सारख्याच भल्या केल्या तर दुसऱ्या खंडापर्यंत वाचक जांभई देईल. अन्याय झालेला असतो आणि तो कुणीतरी केलेला असतो. सगळीकडं "दोन्हीकडं चांगली माणसं" असा भात शिजवला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडाला पानंच पुसली जातात. हे मी सीमाभागातला म्हणूनच म्हणतोय.

गोकाकचा_करदंट

हौद री (होय हो), शत्रू हवाच. कोसरचा राजा वाईट ठेवा, कारकून आणखी वाईट ठेवा. फक्त पाण्याला आलेली कोसरची बाई वाईट ठेवू नका.

निपाणी_स्टँड

दोघंही बरोबर आहात असं म्हणण्याचा मोह होतोय, पण मी जांबोटीच्या बाजूचा. 1 नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी असते. दुकानदार कुठलं शटर किती खाली ओढायचं याचा विचार करत उभा. हे कुणाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. तुझ्या जगात असा एक दिवस घाल, जो एका लोकांचा सण आहे आणि दुसऱ्यांचं सुतक. मग दोन्ही बाजूंचे पाहुणे असलेल्या घरात त्या दिवशी काय शिजतं ते लिही.

आणि हो, इथल्या मोहिमेची ठिणगी पुढाऱ्यांच्या सभेत पडली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव 1946च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला, अध्यक्ष माडखोलकर. लेखकांनी राज्य मागितलं होतं. तुझ्या मालिकेतले भाट-चारण नुसते शेकोटीपाशी गाणी म्हणतात ते त्यामुळं मला पटत नाही.

कॅम्पातली_मावशी

भांडण होणार नव्हतं ना? झालं ना? बरं झालं. आता पुढं.

भानामती_नको

उशिरा आलेय, धागा एकदमच वाचून काढला. मला वेगळी चिंता आहे.

"बंदी घातलेली विद्या" म्हटलं की लेखक आपोआप विद्येच्या बाजूनं उभा राहतो. बंदी घालणारे खलनायक, विद्यावाले बिचारे. इंग्लंड-अमेरिकेच्या वाचकाला ते चालतं, त्याच्या शेजारी करणी कुणी करत नाही. आपल्याकडं करणी, मूठ, भानामती, माट हे शब्द अजून घराघरात आहेत, आणि त्याचा दाम बहुतेक वेळा एखादी एकटी बाई देते. गावात दोन गुरं मेली की तिच्या दाराकडं बोट. माझ्या आजोळी अशा एका म्हातारीच्या अंगणातून पोरांना जाऊ देत नसत. तिच्याकडं कसलीही विद्या नव्हती. परसात शेवगा होता आणि मुलगा मुंबईला होता.

आता कायदे बघा. महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013ला जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकानं आपला 2017ला केला, तो अमलात आला जानेवारी 2020मध्ये. म्हणजे मधल्या काही वर्षांत एकच अघोरी प्रकार कोगनोळीच्या अलीकडं एका कायद्यात बसत होता आणि पलीकडं त्या नावाचा कायदाच लागू नव्हता. जांबोटी_नाका, तुमच्या दोन तीरांवर एकच बंदी एकाच दिवशी आली असं तुम्ही लिहिलंय. ती वेगवेगळ्या साली येऊ दे. मधल्या वर्षांत नदी ओलांडून कोण कुठं जातं, कुणाचा धंदा चालतो, कुणाला पळावं लागतं, तिथंच अख्खा दुसरा खंड बसेल.

शिवाय कुठलीच बंदी सगळ्यावर नसते. कर्नाटकाच्या कायद्यात अमानुष प्रथा आहेत, पण ज्योतिष आणि वास्तूचा सल्ला त्यातून वगळलाय. कुणाची विद्या 'विद्या' आणि कुणाची 'जादूटोणा' हे ठरवणाऱ्यांच्या घरी कोण येतंजातं, त्यावर बरंच अवलंबून असतं. हे लिहिताना कायद्याची थट्टा करायचा हेतू नाही. मला तो हवाच आहे, आणखी कडक हवाय.

करदंटदादा, यल्लम्माची कथा सुंदर सांगितलीत. पण त्याच देवीच्या नावानं मुली देवदासी म्हणून सोडत, त्यावर कर्नाटकाला 1982ला कायदा करावा लागला. घड्याची गोष्ट घ्यायची तर तीही बाजू घ्या.

गोकाकचा_करदंट

मान्य, ताई. आमच्या भागातल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही.

सकळवाचक

यावरून सुचलं. मग विद्या दोन प्रकारची असावी का? एक खरी, जी कुणाला दिसत नाही. एक खोटी, जिच्या नावानं माणसं मारली जातात. आणि बंदीचा सगळा मारा दुसरीवर, पहिलीला धक्काही नाही.

भानामती_नको

हे चालेल. नायिकेच्या हातात खरी विद्या असते आणि तिच्यावर संशयच येत नाही. शेजारच्या म्हातारीकडं काही नसतं आणि गाव तिचं घर जाळतं. नायिका गप्प बसते. पहिल्या खंडाचा शेवट.

तिसरं_गेट

अंगावर काटा आला बे.

मागावरची

आठवडाभर धागा वाचतेय. मी वडगावची, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. आता सगळे यंत्रमागच आहेत, खरं माझ्या आजेसासूबाईंनी हातमागावर साड्या काढलेल्या. त्यांना इरकलीचा पदर जोडताना मी बघितलंय, ते सांगते. बघ तुला विद्या म्हणून चालतं का.

इरकल साडीत अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. अंगाचा सुती असला तर पदराचा लाल रेशमी. दोन्ही आधी वेगवेगळे तयार करायचे. मग अंगाच्या प्रत्येक धाग्याचा फास पदराच्या धाग्याच्या फासात अडकवायचा. एक एक करून, साडीच्या पन्ह्याचे सगळे. गाठ मारत नाहीत, फासात फास. दिवा जवळ ओढून, मान खाली घालून बसलेल्या असायच्या. बोटाला राख लावायच्या धागा निसटू नये म्हणून. एक चुकला तर विणताना तिथंच भोक पडतं, म्हणून त्या वेळी कुणी हाक मारलेली चालायची नाही. आणि प्रत्येक साडीला हे परत करायचं, कारण लांब ताणा एकदा लावून दहा साड्या काढल्या असं यात होत नाही. जोडल्यावर ओढून बघायच्या. सूत आणि रेशीम, दोघांची ओढ वेगळी. रेशीम ताणलं की सूत तुटतं. सांभाळून.

तर तुझा तो जाळ फेकून दे. विद्या सांध्याची कर. कुठल्याही दोन वेगळ्या गोष्टींची टोकं एकमेकांत अडकवता येतात, एवढीच ती विद्या. दोन विहिरी, दोन उंबरे, एक माणूस आणि त्याचं सोडलेलं गाव. पण सांधलं की एकाची ओढ दुसऱ्याला लागते. इकडं विहीर आटली की तिकडची उतरते. इकडं घर पेटलं की तिकडच्या भिंती तापतात. आता सांग, ज्या कारकुनाला वहीत दोन वेगळी पानं करायची आहेत, तो या विद्येला जिवंत ठेवेल का?

हलशीवाट

थांबा. हे फार चांगलं आहे. जांबोटी, वाचतोयस ना?

एकच भर. दोन विहिरी सांधल्या की पाण्याचं भांडण लागणार आणि आपल्याकडं पाण्याचं भांडण लागलं की लवाद बसतो. कृष्णेचा 1969ला बसला, म्हादईचा 2010ला. म्हादईच्या निवाड्याला 2018 उजाडलं. तुझ्या जगातल्या लवादाचे पंच म्हातारे होऊन मरतात, त्यांची मुलं पंच होतात, आणि विहीर कुणाची हे ठरतच नाही. हा विनोदी धागा मालिकाभर चालू ठेवता येईल. पाच खंड म्हणजे वाचकाला मधेमधे हसू लागतंच.

कॅम्पातली_मावशी

मागावरची, तू स्वतः का लिहीत नाहीस?

मागावरची

वेळ कुठाय मावशी. लाइट गेली की माग बंद, तेव्हा फोन हातात येतो. तेवढ्यात हे लिहिलं.

जांबोटी_नाका (धागाकर्ता)

वाचतोय. दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण नकाशा फाडून परत काढत होतो.

आताची मांडणी अशी. धुमा नदी आडवी नाही, पावसातून कोरड्यात उतरते. वरचे आरोण, खालचे कोसर, पण मधल्या पट्ट्यातली गावं दोन्ही बोलतात आणि स्वतःला दोन्ही म्हणवत नाहीत, गावाचं नाव सांगतात. फाळणी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, वहीनं झालेली. वही कोसरच्या दरबारात लिहिली गेली, हे मी ठेवतोय, करदंट. पण तिची नक्कल आरोणच्या दरबारानं मुकाट्यानं ठेवून घेतली आणि आपल्याला नको असलेली गावं तिच्यातून हळूच गाळली, हेही ठेवतोय. सांधे घालणाऱ्यांवर खाली आधी बंदी आली, वर सात वर्षांनी. त्या सात वर्षांत सांधेवाल्या बायका नदीच्या वरच्या अंगाला पळाल्या. नायिका त्यांच्यापैकी एकीची नात. अनाथ नाही. तीन मावश्या, एक आजी. आजी जिवंत आहे आणि पोथी उघडू देत नाही.

शेजारची म्हातारी कोसरची आहे. घर जळतं ते आरोणच्या गावात, आरोणच्याच लोकांकडून. भानामती_नको, तुमचा शेवट तुमच्या परवानगीनं उचलतोय.

एक अडचण उरली. मधल्या गावांतली माणसं बोलणार कशी? दोन काल्पनिक भाषा करून मागं शब्दसूची जोडायचा बेत होता.

निपाणी_स्टँड

शब्दसूची नको. कुणी वाचत नाही.

गोकाकचा_करदंट

आमच्या गल्लीतलं सांगतो. आई भाजीवालीशी घासाघीस मराठीत करते, सुट्टे पैसे मोजते कानडीत, आणि भाव जास्तच वाटला तर जे काय पुटपुटते ते पुन्हा कानडीत, कारण भाजीवाली मराठी आहे आणि तिला ते कळू नये असं आईला वाटतं. तिला सगळं कळतं. ती पण मग दोन मिरच्या कमी टाकते. कोण कुणासमोर कुठल्या भाषेत रागावतं, पैसे मोजतं, देवाला नवस बोलतं, तेवढं ठरवून घ्या. वाचकाला प्रत्येक वाक्य कळायची गरज नाही. मधल्या गावातल्या माणसालाही कळत नसतं, तो अंदाजानं मान हलवतो.

तिसरं_गेट

बरोबर हाय. आणि आमचं मराठी पुण्याचं करून छापू नको. आरोणच्या शिपायानं "आपण कुठे निघालात?" असं विचारलेलं दहा पानांत मला दिसलं. नाक्यावरचा शिपाई "कुठं चाललास बे?" म्हणतोय. फार तर "काय ओ, कुठं?"

सकळवाचक

दहा पानं तुलाही पाठवली? मला का नाही?

जांबोटी_नाका (धागाकर्ता)

ज्यानं निरोप टाकला त्याला पाठवली. सकळवाचक, तुम्हाला पोथीचं प्रकरण नव्यानं लिहून पाठवतो, जुनं वाचून उपयोग नाही. मागावरची, सांध्याचा प्रसंग लिहिला की आधी तुम्हाला दाखवीन. करदंट, कानडी वळणाची वाक्यं तपासून द्याल का? मला ऐकून कळतं, लिहिताना हात अडतो.

गोकाकचा_करदंट

देतो. कोसरच्या बाईच्या तोंडची सगळी वाक्यं पाठवा, फक्त शिव्या नकोत. शिव्या मी स्वतः घालीन, तुमच्या अगदीच मिळमिळीत आहेत.

मागावरची

दाखव. फास म्हणायच्या जागी गाठ लिहिलीस तर तिथंच वाचन थांबवणार. आणि आजीच्या बोटाला राख विसरू नको.